ते नऊ पेन्स कोणाचे होते?

ताई, नमस्कार.

मी २४ वर्षांचा आहे. गाव बीड जिल्ह्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर, ते उन्हाळा लागला की परत. चौथीपर्यंत माझं अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत गेलं. मी दहा वर्षांचा असताना वडील उसाच्या फडात साप चावून वारले. तेव्हापासून आई अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीदाराशिवाय, एकटी जाते. मला मामानं ठेवून घेतलं, शिकवलं. कॉलेजला असताना एकांकिका केल्या, अभिनयाची दोन बक्षिसं मिळाली. तेव्हाच ठरवलं, सिनेमात जायचं.

दीड वर्षापूर्वी मुंबईत आलो. मालाडला एका खोलीत आम्ही सहाजण राहतो. सत्तरच्या वर ऑडिशन दिल्या. शेवटी एका मालिकेत सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा एक सीन मिळाला, अकरा ओळींचा. चौदा रीटेक झाले. मग असिस्टंट सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुझी गावाकडची भाषा जात नाही रे,' आणि माझ्या अंगातला पांढरा कोट काढून दुसऱ्या मुलाला घातला. त्याला सात महिने झाले. वर्सोव्याला आरामनगरच्या, ऑडिशन होतात त्या गल्लीपर्यंत जातो आणि परत येतो. जिथं काम करत होतो ते हॉटेलही सोडलं. रात्री झोप लागत नाही.

आता एक कोऑर्डिनेटर भेटलाय. पोर्टफोलिओ, कार्ड आणि मोठ्या बॅनरचा रोल, सगळ्याचे मिळून ४० हजार मागतो. आई म्हणते, मुकादमाकडून यंदा जास्त उचल घेते आणि पाठवते.

माझ्या भिंतीवर दोन फोटो आहेत. चार्ली चॅप्लिन आणि रजनीकांत. एक अनाथाश्रमात वाढला, एक कंडक्टर होता. एवढं सोसल्यावर मलाही फळ मिळायलाच पाहिजे ना, ताई? का मी परत जाऊ?

– कोयत्याचा पोरगा

*

ताई म्हणालास, म्हणून एकेरीच लिहिते.

तुझा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण मला घाई आहे ती त्याच्या आधीच्या एका ओळीची. हे वाचून झालं की पहिला फोन आईला कर आणि सांग, या कामासाठी एक रुपयाचीही उचल घ्यायची नाही.

उचल म्हणजे काय हे मी तुला शिकवायला नको. मुकादम आधी पैसे हातावर ठेवतो आणि माणूस हंगामभरासाठी बांधला जातो. वाईटच आहे ते. पण निदान पैसा त्याच्याकडून येतो. हा तुझा कोऑर्डिनेटर काम द्यायच्या आधी तुझ्याचकडून उचल मागतोय. तोडणाऱ्यानं मुकादमाला उचल दिली, असं तुमच्या भागात कधी ऐकलंयस? तुझ्या आईला हे एवढंच वाक्य सांग, तिला लगेच कळेल. तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

या धंद्याची साधी रीत अशी आहे की काम लागलं, मानधन आलं, की त्यातून कोऑर्डिनेटर आपलं कमिशन कापतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. 'रोल पक्का' म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याकडे रोल नसतो. पोर्टफोलिओ म्हणशील, तर खोलीतल्या एखाद्या मित्राला सकाळच्या उजेडात साध्या भिंतीसमोर फोनवर चार फोटो काढायला सांग. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक पायापर्यंत पूर्ण उभा. केस कपाळावर आणू नकोस, गॉगल नको. मिनिटभराचा इंट्रो कर: नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा. सुरुवातीला पुरतं एवढं. आणि कार्डाचं म्हणशील, तर सिंटा ही कलाकारांचीच संघटना आहे. सभासद व्हायचं असेल तेव्हा तिथं स्वतः जाऊन चौकशी करायची, फी भरायची आणि पावती घ्यायची. मध्ये कोणी लागत नाही.

आता तुझ्या भिंतीकडे येते.

चॅप्लिनचा फोटो लावलायस, फार छान. पण त्याची गोष्ट आपल्याकडे जशी सांगतात तशी पहिल्या आणि शेवटच्या पानाचीच सांगतात. गरीब पोरगा होता, जगातला सगळ्यात मोठा नट झाला. मधली पानं कोणी वाचत नाही. तुझं काम मधल्या पानांशी आहे.

तर ऐक. जन्म १८८९, लंडन. आई हॅना आणि वडील, दोघंही रंगमंचावर गाणारे. वडील दारूत बुडालेले आणि वेगळे राहणारे, खर्चाला धड पैसे न देणारे. आईचा आवाज गेला आणि कामही गेलं. १८९६ मध्ये हॅना, चार्ली आणि त्याचा थोरला सावत्र भाऊ सिडनी लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाले. अनाथाश्रम नव्हे हं तो. ज्यांना खायला नाही त्यांना आत घेऊन अन्न देणारी आणि त्या बदल्यात आई एकीकडे, मुलं दुसरीकडे ठेवणारी ती जागा. चार्ली तेव्हा सात वर्षांचा. तिथून मुलांची रवानगी हॅनवेलला, निराधार मुलांच्या शाळेत. डोक्यात नायटा झाला म्हणून तिथं त्याचं मुंडण केलं, टाळूला आयोडीन फासलं.

त्याच्या आत्मचरित्रात एक दिवस आहे, तो मला कधी विसरता आला नाही. हॅनाला मुलांना भेटावंसं वाटलं. वर्कहाउसमध्ये सुटी वगैरे मिळत नसे. मग तिनं तिघांचीही नावं काढून घेतली, सगळे रीतसर बाहेर पडले आणि केनिंग्टन पार्कात गेले. सिडनीकडे नऊ पेन्स होते, साठवलेले. त्यातून अर्धा पौंड वजनाच्या काळ्या चेरी घेतल्या. वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून खेळले. दुपारी उरलेल्या पैशांत एक केक, एक खारवलेला मासा आणि दोन कप चहा, तिघांत वाटून. आणि मग संध्याकाळचा चहा चुकू नये म्हणून परत वर्कहाउसच्या दारात. तिथले लोक भडकले, कारण यांचे कपडे पुन्हा वाफेवर घालायचे, सगळी कागदपत्रं पुन्हा करायची.

आता सांग, ते नऊ पेन्स कोणाचे होते?

हा प्रश्न मी तुला उगाच विचारत नाही. चॅप्लिनच्या गोष्टीत पुढेही जिथं जिथं वळण आहे तिथं तिथं हा सिडनी उभा आहे. चौदाव्या वर्षी चार्लीला नाटकात पहिलं बरं काम मिळालं, एका वर्तमानपत्र विकणाऱ्या पोराचं. त्याला तेव्हा नीट वाचताही येत नव्हतं. संहितेतला त्याचा भाग पस्तीस पानांचा. सिडनीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, घोकून घेतला आणि तीन दिवसांत पाठ झाला. ते नाटक दोन-एक आठवड्यांतच बंद पडलं, पण त्यातला तो पोरगा लोकांना आवडला. लगेच पुढे शेरलॉक होम्सच्या नाटकातल्या नोकर पोराचं काम मिळालं आणि अडीच वर्षांहून जास्त काळ दौऱ्यावर तेच काम करत राहिला. एवढा काळ एकच भूमिका, सतत नवं गाव.

त्याच्या आधीही तो मोकळा बसलेला नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच लाकडी बूट घालून नाचणाऱ्या मुलांच्या मेळ्यात होता. मधल्या काळात दुकानात पोऱ्या, डॉक्टरच्या दाराशी पोऱ्या, छापखान्यात, काचेच्या कारखान्यात, खेळण्यातल्या होड्या करून विकणं. आणि दोन कामांच्या मध्ये वेळ मिळाला की बूट पॉलिश करायचे, स्वच्छ कॉलर लावायची आणि नाटकवाल्यांच्या एजन्सीच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, काही आहे का? नाही म्हणाले की परत. पुन्हा काही दिवसांनी बूट पॉलिश.

तू हॉटेल सोडलंस, ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात न आवडलेली ओळ आहे. सांगून टाकते.

आता अपयश. तुझ्या पांढऱ्या कोटाची गोष्ट वाचली आणि मला १९०७ च्या आसपासचं लंडन आठवलं. चॅप्लिन सतरा-अठरा वर्षांचा. दौरा संपलेला. हातात काम नाही. ईस्ट एंडमधल्या फॉरेस्टर्स या म्युझिक हॉलमध्ये त्यानं एक आठवडा बिनपगारी चाचणी मिळवली. तेव्हा ज्यू विनोदवीरांची चलती होती. यानं अमेरिकन विनोदांच्या पुस्तकातून विनोद उचलले, दाढी चिकटवली, ज्यू माणसाचा हेल काढला आणि उभा राहिला. त्याला कळलंच नव्हतं की ती वस्ती ज्यूंची आहे. विनोद शिळे, त्यात त्यांचीच टिंगल, आणि हेल खोटा. पहिल्या एक-दोन विनोदांनंतर नाणी आणि संत्र्याच्या साली येऊ लागल्या. लोक पाय आपटत होते. तो आत आला, रंग पुसला आणि थिएटरबाहेर पडला तो परत गेलाच नाही. गाण्यांच्या वह्या तिथंच राहिल्या, त्या आणायलाही नाही.

लक्षात घे, तोपर्यंत हा पोरगा लंडनच्या मोठ्या थिएटरात काम करून आलेला होता. अभिनय येत नाही म्हणून तो पडला नाही. दुसऱ्याचा हेल, दुसऱ्याचे विनोद आणि समोर कोण बसलंय याचा पत्ता नाही, म्हणून पडला.

तुझ्या त्या सीनची मी मनातल्या मनात चिरफाड केली. मी स्वतः बावीस वर्षं नाटकं आणि मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक होते, आणि 'हा नको, दुसरा आण' हे मी माझ्या तोंडानं म्हटलेलं आहे. अभिमानानं सांगत नाही. त्या दिवशी काय झालं असेल ते सांगते. सीनचा कागद तुझ्या हातात कधी आला? शूटच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, हो ना? एकांकिकेला तू महिनाभर तालीम केली होतीस. तिथं शब्द अंगात मुरायला वेळ होता. इथं वीस मिनिटांत पाठ, त्यात मार्कवर थांबायचं, क्यू पकडायचा, लाइट कुठून येतोय ते सांभाळायचं, आणि तीन कॅमेरे. हे वेगळं कौशल्य आहे आणि ते तुला कोणी शिकवलेलं नाही. दुसरं असं की डॉक्टर म्हटल्यावर तू पुणेरी बोलायचा प्रयत्न केला असणार. म्हणजे अर्धं डोकं ओळी आठवण्यात आणि अर्धं 'न' आणि 'ण' सांभाळण्यात. चौदा रीटेक तिथं गेले. चिकटवलेली दाढी ती हीच.

बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर बीडच्याच भाषेत बोलतो, हे त्या सेटवर कोणाच्या डोक्यात आलं नाही, ही त्यांची गंमत. पण म्हणून 'माझी भाषा हीच, मी बदलणार नाही' असं म्हणू नकोस. प्रमाण मराठी ही नटाच्या कपाटात टांगलेला आणखी एक कोट आहे. असू दे एक. रोज अर्धा तास मोठ्यानं वाच. अग्रलेख वाच, जाहिरात वाच, औषधाच्या पाकिटावरचा कागद वाच. आणि रोज एक परिच्छेद वीस मिनिटांत पाठ कर, तो भांडी घासता घासता, कांदा चिरता चिरता म्हण. हात कामात असताना ओळ सुटली नाही, तर सेटवर सुटणार नाही. खोलीतल्या पाचांपैकी एकाला समोर बसव. सिडनी व्हायला सख्खा भाऊच लागतो असं नाही.

त्या असिस्टंटनं तुला सगळ्यांसमोर बोलणं, अंगावरून कोट काढणं, हे चूकच. त्याच्यामागे वेळ लागली असेल, पुढचं लोकेशन असेल, वरून शिव्या येत असतील, पण चूकच. त्याबद्दल तू रडला असशील तर त्यात लाज नाही. मात्र तो काय म्हणाला आणि तुला काय येत नव्हतं या दोन गोष्टी वेगळ्या कागदावर लिही. पहिला कागद फाड. दुसरा ठेव.

चॅप्लिन सालींच्या माऱ्यानंतर कुठं गेला? १९०८ मध्ये फ्रेड कार्नोच्या कंपनीत. मूकविनोद करणारी, तालमीत माणसाला पिळून काढणारी कंपनी. आणि तिथं त्याची वर्णी कोणी लावली? सिडनी आधीच तिथं होता. त्यानं मालकाच्या मागे लागून भावाला दोन आठवड्यांची चाचणी मिळवून दिली. कार्नोला पहिल्या भेटीत हा फिकट, किडकिडीत पोरगा काही पसंत नव्हता. पण तिथं चार्लीला कळलं की आपल्याला बोलून हसवता येत नाही, अंगानं येतं. पाच-सहा वर्षं तेच केलं. अमेरिकेचे दौरेही त्याच कंपनीबरोबर. १९१३ अखेरीस सिनेमात गेला, आठवड्याला १५० डॉलरवर. १९१४ चा पहिला सिनेमा त्याला स्वतःलाच आवडला नाही. त्याच्या भटक्याची ती ढगळ पँट, तंग कोट, डर्बी हॅट आणि काठी त्यानंतर आली. पुढे १९१६ मध्ये वर्षाला ६ लाख ७० हजार डॉलरचा करार झाला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कार्नोच्या तालमी कोणाला पाठ नसतात.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर तुला कडू लागेल. सोसलं म्हणून फळ मिळत नाही रे. हॅनवेलच्या त्या शाळेत शेकडो पोरं होती. भूक आणि आयोडीन इतरांच्याही वाट्याला आलं. तुझ्या कोपीशेजारच्या कोपीतली पोरं आज कुठं आहेत, आठव. त्यांनी तुझ्यापेक्षा कमी सोसलं का? सोसणं ही काही पोस्टातली ठेव नव्हे, मुदत भरली की व्याजासकट हातात यायला.

आणि उलट बाजूही सांगते, कारण ती तुझ्या मनात असणारच: लहानपणी असं झालं म्हणून आपण कायमचे मागे, हेही खरं नाही. ते तुझ्याकडे साहित्य म्हणून आहे. पण ते ऑडिशनच्या दारात काढायचं साहित्य नव्हे. इंट्रोमध्ये 'माझे वडील साप चावून वारले' असं सांगू नकोस. समोरचा दोन मिनिटं हळहळेल आणि तुझ्याऐवजी तुझी कहाणी लक्षात ठेवेल. टीव्हीवरच्या स्पर्धांनी ही एक वाईट सवय लावलीय, आधी रडगाणं, मग गाणं. चॅप्लिननं आपलं वर्कहाउस कधी पडद्यावर आणलं? १९२१ मध्ये, 'द किड'मध्ये. पोटमाळ्याची खोली, आणि पोराला सरकारी गाडीत घालून न्यायला आलेली माणसं, आणि छपरांवरून त्या गाडीमागे धावणारा तो भटक्या. तोपर्यंत साठहून जास्त लहान-मोठे सिनेमे त्याच्या हाताखालून गेले होते. दुःख तेच होतं, पण आता ते कसं मांडायचं ते हाताला कळत होतं.

तुझ्याकडे काय आहे बघ. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई पाऊल कसं टाकते, मान कशी ठेवते, हे वर्सोव्यात ऑडिशन देणाऱ्या किती पोरांना माहीत असेल? पहाटे थंडीत पाचट पेटवून शेकणाऱ्या माणसांचे हात तुला माहीत आहेत. यातून दहा मिनिटांचा एकपात्री प्रवेश लिही. रडका नको. मला तर वाटतं विनोदी लिही. कोपीवर लोक किती हसतात ते तुला माहीत आहे.

रजनीकांतचं थोडक्यात, कारण तुझ्यासारख्याला ते माहीत असतं. मूळचा शिवाजीराव गायकवाड, बंगळूरचा मराठी घरातला मुलगा, आई लहानपणीच गेलेली, वडील पोलिसात हवालदार. हमाली, सुतारकाम, मग बसवर कंडक्टर. तू 'कंडक्टर होता' असं लिहिलंस, जणू ती त्याची अडचण होती. अरे, ती त्याची भाकरी होती! नोकरीत असतानाच तो सहकाऱ्यांबरोबर पौराणिक नाटकांत काम करायचा. त्याच बसचा ड्रायव्हर राज बहादूर यानं त्याला मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायला भाग पाडलं आणि स्वतःच्या पगारातून पैसे दिले. १९७५ ला पहिल्या सिनेमात छोटंसं काम मिळालं. पुन्हा तोच प्रश्न: नऊ पेन्स कोणाचे?

आणि तिसरा फोटो मी सुचवते. निळूभाऊ फुले. पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. नोकरी करत सेवादलाच्या कलापथकात काम केलं, वगनाट्यं गाजवली, आणि १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी' आला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. नायकाचा चेहरा नाही, गोरा रंग नाही. पुढे 'सामना', 'सिंहासन'. तू २४ चा आहेस आणि सात महिने गेले म्हणून मला परत जाऊ का विचारतोस.

परत जाऊ का, याचं उत्तर हो किंवा नाही असं मी देणार नाही, पण तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. आधी काम धरलं असतं. हॉटेल, गोदाम, डिलिव्हरी, काहीही, पण महिन्याला ठरलेली रक्कम हातात येईल असं, आणि त्यातली थोडी का होईना आईला. मालिकांचे पैसेसुद्धा ९० दिवसांनी येतात, तेव्हा काम मिळालं तरी तीन महिने पोट कशावर भरणार? मग एखादा ग्रुप शोधला असता. मुंबईतच असला पाहिजे असं नाही. एकट्यानं खोलीत बसून कोणी नट होत नाही, त्याला रोजची तालीम आणि शिव्या घालणारी माणसं लागतात. राज्य नाट्य स्पर्धेत, कामगार कल्याणच्या स्पर्धेत नाटकं करणारे ग्रुप असतात, पडेल ते काम करीन म्हणून जा. आणि पदवी झाली असेल, तर पुण्याचं ललित कला केंद्र, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यविभाग, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, यांच्या प्रवेशाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. दिल्लीला प्रवेश अवघड आहे, नाटकांचा अनुभव मागतात, पण तिथं विद्यावेतन मिळतं. तुझ्यासारख्याला हे फार महत्त्वाचं. गावी जाऊन चार महिने प्रवेशपरीक्षेची तयारी केलीस तर ती मी तुझी हार समजणार नाही. मामाला काय वाटेल ते मामा बघेल.

झोपेचं लिहिलंयस. गल्लीपर्यंत जाऊन परत येणं, काम सोडणं, झोप न लागणं, हे सगळं एकत्र सात महिने चाललं असेल तर ते आळस किंवा नशीब म्हणून सोडून द्यायचं नसतं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन कर. वेडबिड ठरवत नाहीत कोणी.

एक शेवटचं, आईबद्दल. तू मुंबईत काय करतोस याबद्दल तिला अर्धंच सांगितलं असणार. 'रोल मिळतोय, पैसे लागतात' एवढंच. कोट काढल्याचं सांगितलं नाहीस, हॉटेल सोडल्याचंही नाही. ती तुझ्यासाठी एक हंगाम जास्त बांधून घ्यायला तयार झाली ती या अर्ध्या माहितीवर. तिला सगळं सांग. आणि तिच्याकडून मुदत मागून घे, दोन वर्षं म्हण किंवा तीन, पण आकडा दोघांनी मिळून ठरवा. तिनं 'आत्ताच ये' म्हटलं तर त्यावर भांड, तो तुझा हक्क आहे. पण खोट्यावर उचल घेऊ देऊ नकोस.

मुकादम श्रावण-भाद्रपदात गावात फिरायला लागतात ना? म्हणजे वेळ थोडाच आहे. आजच फोन कर, आणि ती काय म्हणाली ते मला कळव. मोळीचा प्रवेश लिहून झाला तर तोही पाठव, कागदावर, हातानं लिहिलेला. खोडाखोड असली तरी चालेल.

– ताई